पावसातलं शीड



आज सुरुवातीलाच एक प्रश्न. आपल्या बनेश्वराजवळून वाहणारी शिवगंगा शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? "अरबी समुद्राला!" असंच म्हणालात ना? मग नकाशा उघडा आणि बोट फिरवा. शिवगंगा मिळते गुंजवणीला, गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा जाते थेट बंगालच्या उपसागराला! पाऊस येतो अरबी समुद्रावरून, पडतो आपल्या अंगणात आणि पाणी निघतं पार पलीकडच्या समुद्राकडे. आहे की नाही गंमत?

अरबी समुद्र मात्र नसरापूरपासून सरळ रेषेत जेमतेम शंभरएक किलोमीटर. मधे सह्याद्री उभा, म्हणून तो आपल्याला दिसत नाही इतकंच. म्हणूनच परवा वर्गात एकानं विचारलं, "बाई, पावसाळ्यात कोकण लई भारी दिसतं म्हणतात. मग शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायला गेलं तर?"

कल्पना झकास आहे! हर्णैला होडीत बसायचं, सुवर्णदुर्गाला वळसा घालायचा आणि दक्षिणेकडे निघायचं. डाव्या हाताला हिरवेगार डोंगर, त्यांवरून उतरणारे ढग. मग दाभोळची खाडी, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग. पण हे जमेल का? ते ठरवण्याआधी होडी वाऱ्यावर चालते कशी, ते समजून घेऊ.

वारा आणि वरंधा घाट

वारा पाठीमागून आला की तो शिडात भरतो आणि होडी पुढे जाते. हे कुणालाही कळतं. पण वारा समोरून येत असेल तर? तर होडी नाकासमोर जाऊच शकत नाही. मग तांडेल काय करतो? भोरहून महाडला जाताना वरंधा घाट लागतो. तिथून वर येणारी एसटी सरळ कड्यावर चढते का? नाही. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळणं घेत चढते. होडीही तशीच नागमोडी जाते. थोडा वेळ वारा उजव्या गालावर घ्यायचा, मग होडी वळवून डाव्या गालावर. अंतर वाढतं, पण मुक्काम गाठता येतो.

आता वारा बाजूनं ढकलत असताना होडी पुढे कशी सरकते? ओला चिंचोका दोन बोटांत दाबून बघा. दाबलात बाजूंनी, पण उडतो पुढे! होडीला एका बाजूनं शिडावरचा वारा ढकलतो. तळाखाली लांब कणा असतो, त्याला दुसऱ्या बाजूनं पाणी अडवतं. दोघांच्या मधे सापडलेली होडी पुढे सटकते. सुकाणू फक्त दिशा सांभाळतं.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. वेग तिप्पट, तर जोर नऊपट! म्हणून वारा वाढू लागला की शहाणा तांडेल आधी शीड आखडून लहान करतो.

किनारा जवळ, धोका जवळ

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे वाचले असतील. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. परीक्षेपुरतं पाठ करून विसरायची ही गोष्ट नव्हे बरं का! पहाटे मतलई वाऱ्यावर होडी बाहेर न्यायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी आणायची, असा कोळीबांधवांचा दिवस या दोन वाऱ्यांवर चालत असे.

पावसाळ्यात मात्र हे वेळापत्रक मोडतं. नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो. आपल्याला वाटतं, किनारा जवळ म्हणजे आपण सुखरूप. शिडाच्या होडीचं उलटं असतं. दोरी तुटली, शीड फाटलं, तर वारा तिला खडकांकडेच नेणार. खाडीत शिरावं म्हटलं, तर तोंडाशी वाळूचे दांडे. आतून नदीचा पूर बाहेर येतो, बाहेरून लाटा आत येतात आणि दोन्हींची टक्कर नेमकी तिथेच होते.

मोठ्या बोटीचीही अशा समुद्रापुढे गय होत नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली. तो प्रवास काही तासांचासुद्धा लांबचा नव्हता. तरी सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवशीची वाट पाहणं कधी संपलंच नाही.

म्हणून जुनी माणसं पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा, मगच होडी पाण्यात लोटायची, ही रीत. आजही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तो काळ माशांच्या विणीचा, म्हणजे माणूस आणि मासे दोघांनाही सुट्टी हवीच!

राजगडावरून समुद्रावर

"आपण डोंगरातली माणसं, आपला समुद्राशी काय संबंध?" असं म्हणू नका. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हा स्वराज्याची राजधानी कुठे होती? आपल्या राजगडावर! फेब्रुवारी 1665 मध्ये शिवाजी महाराज स्वतः आरमार घेऊन दक्षिणेला बसरूरपर्यंत गेले. महिना पाहिलात ना? फेब्रुवारी! पावसाळ्यात गलबतं बंदरात विश्रांती घेत, डागडुजी होई. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे आंग्र्यांच्या काळातली गोदी अजून पाहायला मिळते. कधी थांबायचं हे ज्याला कळतं, तोच समुद्रावर राज्य करतो.

"मग पावसात शीड कुणी उभारलंच नाही का?" उभारलं तर! नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली ही नौका 56 फूट लांब. वाटेत चार बंदरांत थांबत त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे 2010 मध्ये ते परतले. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली. मुलींनो, ऐकताय ना?

पण दोंदे एका सकाळी उठले आणि निघाले, असं झालं नाही. 2006 पासून तीन वर्षं तयारी चालली होती. नौका बांधताना ते स्वतः तिथे राबले. 1968-69 मध्ये एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन ते शिकले. ऑगस्टातला समुद्र तोच होता. माणूस आणि नौका तयार होती. धाडस आणि आततायीपणा यांत फरक असतो तो एवढाच.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर असं : जायचं, जरूर जायचं. पण पाऊस ओसरल्यावर, जाणत्या तांडेलाबरोबर आणि अंगात लाइफ जॅकेट घालून. पावसातलं कोकण तोवर किनाऱ्यावरून पाहावं. तेही काही कमी नाही!

पालकांसाठी दोन शब्द

दर पावसाळ्यात आपल्या भागात नदीला, धरणाच्या पाण्याला पोरं भुलतात. "पाण्याजवळ जाऊ नको" एवढं सांगून भागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली मुलाला आणि मुलीलाही पोहायला शिकवा. आणि पोहता आलं तरी पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, हेही त्याच दिवशी शिकवा.

करून पाहा

केळीच्या सोपटाची वीतभर होडी करा. मधे काडी खोचून जाड कागदाचं शीड लावा. घरातल्याच परातीत पाणी घेऊन (नदीवर मुळीच नाही!) ती तरंगवा आणि बाजूनं पंख्यानं वारा घाला. होडी आडवी सरकेल. आता तळाला पुठ्ठ्याची उभी पट्टी खोचा आणि पुन्हा वारा घाला. काय फरक पडला? वहीत लिहा.

जाता जाता एक कोडं : पौर्णिमा आणि अमावास्येला समुद्राला उधाण येतं. मग नारळी पौर्णिमेला उधाण असूनही होड्या पाण्यात का लोटतात? आजी-आजोबांना विचारा, डोकं चालवा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या बाई