आईचं घर आईचंच राहू द्या

आई-बाबा हिंडते-फिरते आहेत ना? स्वतःची सही स्वतः करतात ना? मग हे आवाहन तुमच्यासाठी आहे. उद्यावर टाकू नका.

प्रसंग तुमच्याही पाहण्यातला असेल. बाबा अचानक जातात. दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे परततात. मग कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर निघते. तिच्यात सातबारा असतो, घरपट्टीच्या पावत्या असतात, मुदत संपलेली ठेवपावती असते. नसतं ते फक्त मृत्युपत्र. आणि चाळीस वर्षं जिथे संसार केला, ते घर पुरतं आपलं नाही, हे आईला त्या दिवशी कळतं.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची स्वकष्टाची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, अशी सगळ्यांत सारखी वाटली जाते. दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांची आई असेल, तर आईला घराचा चौथा हिस्सा. सगळं गोडीत असेल तोवर कुणी हिस्से मोजत नाही. पण एखाद्या मुलाला कर्ज झालं, त्याने वाटप मागितलं, घर विकायची वेळ आली, तर सत्तरीतल्या आईने कुठे जायचं?

तुम्ही आईला घराबाहेर काढणाऱ्यांतले नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतोय. या रविवारी बाबांजवळ बसा. आधी घराचा विषय काढू नका, आईचा काढा. म्हणा, "तुमच्यामागे आईला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढं लिहून ठेवू या." बाबा चिडतील. "शुभ बोल" म्हणतील. चहा घ्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

कागद अवघड नाही. साध्या कोऱ्या कागदावर मृत्युपत्र होतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. बाबांनी सही करायची, सही येत नसेल तर अंगठा. दोन साक्षीदारांनी ती सही पाहायची आणि बाबांच्या समोर आपापली सही करायची. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार बाबांपेक्षा वयाने लहान निवडा. डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून घ्या, उद्याचे वाद कमी होतील. मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं, शेवटचं लिहिलेलं तेच खरं. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राला एक तृतीयांशाची मर्यादा आहे, गोव्यात निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीव असते. तिथे जाणत्या वकिलाला विचारूनच लिहा.

"आमचं नॉमिनेशन झालंय" म्हणून गाफील राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे हातात घेतो, पण ते वारसांसाठी. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. नॉमिनी नेमा, अवश्य नेमा. पण मृत्युपत्रही करा.

आता दुसरा धोका, तो प्रेमाच्या वाटेने येतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. स्वस्त आहे, म्हणून आई-वडील जिवंतपणीच घर लिहून देतात. मृत्युपत्र फाडून नवं करता येतं, बक्षीसपत्र तसं परत घेता येत नाही. घर गेलं की घरातली जागा सोफ्यावरून गॅलरीत यायला वेळ लागत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, हयातीत घर देऊ नका. द्यायचंच असेल तर अट लिहून द्या : आम्हा दोघांना शेवटपर्यंत इथे राहायचा हक्क, जेवणखाण आणि औषधपाणी तुमच्याकडे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा अशा अटीच्या पाठीशी उभा राहतो. अट मोडली तर दिलेलं घर परत मिळवता येतं. आणि मुलांनो, आई-बाबा घर लिहून द्यायला निघाले, तर तुम्हीच त्यांचा हात धरा. म्हणा, "आत्ता नको."

तिसरा धोका सगळ्यांत चोरपावलांनी येतो. बाबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. मग नातवाचं नाव विसरतात. मग सही जमत नाही. घरचे म्हणतात, "कुलमुखत्यारपत्र आहे ना!" पण देणाऱ्याचं भानच गेलं, तर ते मुखत्यारपत्रही संपतं. त्यांच्याच उपचारासाठी त्यांचीच ठेव मोडायला न्यायालयात जाऊन पालकत्व मागावं लागतं. दाखल कुठल्या वॉर्डात करायचं हे ठरवायच्या दिवसांत तुम्ही वकील शोधत फिरता.

म्हणून आत्ताच बँकेत जा. आई-बाबांची खाती, ठेवी दोघांच्या नावावर करा, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील अशा करा. आणि अखेरच्या आजारात यंत्रावर ठेवायचं की नाही, हेही त्यांनाच विचारा. २०१८ पासून हे आधी लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हा प्रश्न विचारताना घसा दाटून येईल. पण आयसीयूच्या दारात भावाभावांनी एकमेकांकडे बघत उभं राहण्यापेक्षा तो बरा.

आणि बहिणीला विसरू नका. तेराव्याच्या गडबडीत तिला साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, हे आपल्याकडे फार होतं. ती सही करते, कारण तिला माहेर तुटायला नको असतं. माहेराची एवढी किंमत तिच्याकडून वसूल करू नका. वडील असतानाच, तिच्यासमोर, काय कुणाचं ते ठरू द्या.

शेजारी कुणी म्हातारं माणूस घरच्यांनी टाकलेलं दिसलं, तर मान वळवू नका. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणं हा तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तुमच्या फोनवरून तो नंबर लावून द्या.

सही करणारा हात अजून थरथरत नाही, तोवरच हे सगळं सोपं आहे. या रविवारी ती प्लॅस्टिकची पिशवी कपाटातून काढा. बाबांसमोर उघडा. जो कागद नाही, तो करून तिच्यात ठेवा. आणि ती कुठे ठेवलीय, हे आईला सांगा, भावाला सांगा, बहिणीलाही फोन करून सांगा.