रक्तदाबाची गोळी आणि मूत्रपिंडांची तपासणी

घरातील वडीलधाऱ्या माणसाला रक्तदाबाचा विकार जडतो. डॉक्टर एक लहानशी गोळी लिहून देतात आणि काही आठवड्यांनी मूत्रपिंडांसाठी रक्त तपासून घ्यावयास सांगतात. मंडळी बुचकळ्यात पडतात. दुखणे रक्तदाबाचे, मग तपासणी मूत्रपिंडांची कशासाठी? त्यातच क्रिएटिनिनचा आकडा पूर्वीपेक्षा थोडा चढलेला दिसला की, ‘गोळीने मूत्रपिंडे बिघडविली’ असा निवाडा होतो आणि गोळी परस्पर बंद केली जाते. या समजुतीत सत्याचा थोडा अंश आहे. निवाडा मात्र बहुधा चुकीचा असतो.

निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. उरलेले पाणी आणि त्यातील मीठ मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका पुन्हा शोषून घेऊन रक्तात परत पाठवितात. मूत्रल औषध अडसर घालते ते या परतीच्या वाटेवर. मीठ लघवीवाटे बाहेर पडते, त्याच्यामागोमाग पाणी जाते आणि रक्तदाब उतरतो. १९५८ साली क्लोरोथायझाइड हे औषध प्रचारात आले. तोपर्यंत मूत्रल म्हणून पाऱ्याच्या संयुगांची इंजेक्शने टोचून घ्यावी लागत. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही त्याच जातीची औषधे आजही सर्रास दिली जातात.

दाब उतरला म्हणजे मूत्रपिंडांतील गाळणीही थोडी मंदावते आणि रक्तात क्रिएटिनिन किंचित अधिक उरते. अशी अल्प वाढ म्हणजे मूत्रपिंडांची हानी नव्हे. उलट, चढा रक्तदाब वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर तोच मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या निकामी करतो. मूत्रपिंडांचा विकार बराच बळावलेल्या १६० रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्लोरथॅलिडोनने रक्तदाब स्पष्टपणे उतरला. काहींचे क्रिएटिनिन वाढले खरे. पण ती वाढ पुन्हा ओसरणारी होती.

मग भय कोठे आहे? ते आहे शरीरातील पाणी आटते त्या दिवसांत. प्रस्तुत लेखकाच्या घरचाच अनुभव सांगतो. ऐन वैशाखात वडिलांना जुलाब सुरू झाले. शिस्तीचा माणूस, गोळी एक दिवसही चुकविली नाही. शिवाय गुडघे दुखत म्हणून वेदनाशामक गोळ्याही चालूच होत्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. रुग्णालयात शिरेवाटे सलाइन दिल्यावर मूत्रपिंडे पूर्वपदावर आली. पण ती रात्र आम्ही विसरलो नाही.

घडले ते असे. जुलाबांनी पाणी गेले, मूत्रल गोळीने आणखी घालविले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकुंचित करतात. त्यांच्या जोडीला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असेल, तर गाळणीतला उरलासुरला दाबही कमी होतो. टेल्मिसार्टन आणि मूत्रल औषध पुष्कळदा एकाच गोळीत असते. तेव्हा वेष्टनावरील नावे अवश्य वाचावीत.

क्षारांचीही गोष्ट ध्यानात ठेवावी. हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या औषधांनी रक्तातील पोटॅशियम व सोडियम कमी होऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढते. म्हणून शेजाऱ्याला मानवलेले शहाळ्याचे पाणी आपल्याला मानवेलच असे नाही. म्हातारा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर वयाला दोष देण्यापूर्वी सोडियम तपासावे.

तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि उलट्या, जुलाब, कडक ऊन वा निर्जळी उपवास असतानाही ती डोळे मिटून घेत राहू नये. अशा दिवशी काय करावयाचे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे आणि त्यांचे उत्तर कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावे. आमच्या घरी तो कागद आता डब्याच्या झाकणालाच चिकटविलेला आहे.