ट्रान्सफॉर्मर रोबोट घेताय? आयएसआय मार्क आणि 'ओरिजिनल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

२२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हापासून बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडची संग्रह करणारी पोरं मला एकच विचारतात, "दादा, आता ट्रान्सफॉर्मर घ्यायला हरकत नाही ना?" म्हणजे तोच, ट्रकचा रोबोट होणारा. प्रश्न साधा वाटतो, पण या सौद्यात जीएसटी हा सगळ्यात छोटा भाग आहे.

जीएसटीने नेमके किती वाचतात?

करापूर्वीची किंमत २,००० रुपये धरा. आधी २,२४० पडायचे, आता २,१००. वाचले १४०. बॅटरीवर दिवे लागणारा, आवाज काढणारा रोबोट इलेक्ट्रॉनिक खेळण्यात मोडतो, तिथे १८ टक्के कायम आहेत. आणि दुसऱ्या संग्राहकाकडून जुना पीस घेत असाल, तर जीएसटी कपातीचा तिथे काही संबंधच नाही.

खरा भार आयातीवर आहे. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, मार्च २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हेतू चांगलाच आहे. लहान मुलं खेळणी तोंडात घालतात, त्यामुळे रंगातलं शिसं, टोकदार कडा, सुटे होणारे बारीक तुकडे तपासलेच पाहिजेत. पण संग्राहकासाठी परदेशी माल महाग आणि दुर्मीळ झाला, आणि ऑनलाइन "सेम टू सेम" म्हणून विकल्या जाणाऱ्या नकलांना आयतं गिऱ्हाईक मिळालं.

मार्क काय सांगतो, काय सांगत नाही

"आयएसआय आहे, म्हणजे ओरिजिनल आहे" असं विक्रेते बिनधास्त सांगतात. हे चूक आहे. आयएसआय मार्क सुरक्षिततेबद्दल बोलतो, आणि तेही १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांच्या. रोबोटचं डिझाइन कोणाचं, परवाना आहे की नाही, हे तो सांगत नाही. उलट जपानी 'मास्टरपीस' मालिकेतला अस्सल रोबोट १५ वर्षांवरच्यांसाठी असतो. त्यावर आयएसआय नाही म्हणून तो नकली ठरत नाही.

खामगावच्या चांदीच्या दुकानात आपण काय करतो? कस वेगळा विचारतो, वजन वेगळं, घडणावळ वेगळी. इथेही तेच करायचं.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिलं, नाव. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅसब्रोने जपानच्या टकारा कंपनीचे रूप बदलणारे रोबोट 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने बाजारात आणले. टकारा २००६ मध्ये टोमीत विलीन झाली. अस्सल पीसवर या कंपन्यांची नावं सहसा पायाखाली किंवा पाठीवर प्लास्टिकमध्येच कोरलेली असतात. नुसत्या खोक्यावरच्या छपाईवर जाऊ नका.

दुसरं, सांधे. हात खांद्याच्या रेषेत आडवा उचलून सोडा. आपल्याच वजनाने पडला तर सांधा सैल झालाय. दातेरी सांध्यात प्रत्येक खटका स्पष्ट लागला पाहिजे. बिजागरीजवळ पांढुरक्या रेषा दिसल्या तर प्लास्टिकवर ताण आलेला आहे. तिथे पुढेमागे ते तुटणार.

तिसरं, दोन्ही रूपं. विक्रेता रोबोटचाच फोटो टाकतो. तुम्ही गाडीच्या रूपाचाही मागा. भाग नीट बसत नसतील तर साचा कच्चा आहे किंवा काहीतरी वाकलंय.

चौथं, प्लास्टिक. पांढरा भाग पिवळा पडला असेल तर त्याने ऊन खाल्लंय. १९८०-९० च्या दशकांतल्या काही रोबोटांचं सोनेरी चमकीचं प्लास्टिक काळानुसार ठिसूळ होतं आणि हात लावताच भुगा होतो. असा पीस घेतल्यावर एकदाही वळवून बघू नका.

पाचवं, सुटे भाग. बंदूक, मुठी, माहितीपुस्तिका यातलं काही नसेल तर भाव खाली यायलाच हवा.

आपल्या उन्हाचं काय?

बुलढाणा शहर घाटावर आहे, तिथे थोडं बरं. पण खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. टिनाच्या छताखाली किंवा खिडकीजवळच्या काचेच्या शोकेसमध्ये रोबोट ठेवला, तर पातळ भाग वाकतात, स्टिकर सुटतात, पांढरा रंग पिवळा होतो. बंद लाकडी कपाट उत्तम. उन्हात तापलेला रोबोट लगेच वळवू नका, आधी निवू द्या.

मग घ्यायचा की नाही?

दहा वर्षांच्या पोरासाठी असेल तर आयएसआय मार्क बघा, बाकी संग्राहकी विसरा. स्वतःच्या संग्रहासाठी असेल तर वरच्या पाच गोष्टी बघून, व्हिडिओवर दोन्ही रूपं करून दाखवायला लावून, मगच पैसे पाठवा. पण "पुढे दुप्पट भाव येईल" म्हणून पगार घालत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: नका घालू. कंपन्या जुन्याच साच्यांतून नव्या आवृत्त्या काढतात, आणि काल दुर्मीळ म्हणून घेतलेल्या पिसाचा भाव खाली येतो. शिवाय आजच्या चढ्या भावात आयातशुल्काचाही वाटा आहे. सरकारी दर बदलले की तो भागही जाईल. रोबोटचे घट्ट सांधे आणि पूर्ण सेट मात्र तुमच्याकडेच राहतील. पैसे त्याचेच मोजा.