जुळलेले आणि जुळविलेले

अभनपुरच्या शेतातील भाताच्या दाण्यात जो कार्बन आहे, तो कधीकाळी ताऱ्यांच्या गर्भात हेलियमच्या तीन अणुकेंद्रांच्या मीलनातून घडला. हे मीलन पुरेशा वेगाने होण्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे ७७ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे, असे भाकीत जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये केले. प्रयोगशाळेत ती सापडलीही. निसर्गनियम जीवसृष्टीसाठी जुळविलेले आहेत, या मताचा हा आवडता पुरावा.

परंतु मराठीत 'जुळलेले' आणि 'जुळविलेले' यांत एका अक्षराचेच अंतर आहे, आणि त्या अक्षरातून कर्ता आत शिरतो. जे सिद्ध करावयाचे तेच शब्दाने गृहीत धरले जाते. शिवाय ही पातळी साठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टनी वर सरकली तरी कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडत नाही, असे १९८९ मधील गणिताने दाखविले. उलट पक्षाची असंख्य विश्वांची कल्पनाही अद्याप अपरीक्षितच आहे.

हॉइल यांच्या भाकिताचे मोल त्यातील हेतूत नाही. प्रयोगाने ते खोटे ठरू शकले असते, यात आहे. नियम जीवनाला अनुरूप आहेत, एवढे विज्ञान सांगते. ते कोणी केले, हा प्रश्न तत्त्वज्ञानाने अवश्य विचारावा. मात्र त्याचे उत्तर व्याकरणाकडून उसने घेऊ नये.