विज्ञान-अंगण : दिवसाकाठी सेकंदभर बोलणं

आपल्या मंडळातल्या काही जणांच्या फोनवर हल्ली एक आकडा सतत असतो: पुण्या-नाशिकला राहणाऱ्या आईची किंवा बाबांची साखर. दंडावर चिकटवलेला नाण्याएवढा सेन्सर ती मोजतो आणि त्यांच्याच उशाशी असलेल्या फोनला रेडिओलहरींनी कळवतो. पुढचा सातासमुद्रांचा प्रवास इंटरनेटचा. सेन्सरने बोलायचं ते खोलीभर ऐकू जाईल एवढंच. पण पिटुकल्या बॅटरीवर, दहा-चौदा दिवस.

हे हळू बोलून जमत असेल, असं वाटतं. पण अशा चिपमधून हवेत साधारण १ मिलिवॅट शक्ती जाते, तेव्हा बॅटरीतून १०-१५ मिलिवॅट निघालेले असतात. बरीचशी वीज वारंवारता अचूक धरून ठेवण्यातच खर्च होते. आवाज निम्मा केला तरी हा वरखर्च सुटत नाही. खरी बचत आहे गप्प बसण्यात.

वजनकाट्यात असते ती सीआर२०३२ बॅटरी घेऊन हिशोब करू. तिची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. ५ मिलिअँपिअर घेणारा ट्रान्समीटर अखंड चालला तर ती दोन दिवसही पुरणार नाही. पण दर ५ मिनिटांनी तो ३ मिलिसेकंदच बोलला, तर दिवसाचे २८८ निरोप मिळून एक सेकंदही भरत नाही. मग झोपेतला २ मायक्रोअँपिअरचा प्रवाहच बोलण्याच्या चाळीसपट वीज खातो! म्हणून डिझायनर जिवाचं रान करतात ते झोपेतली ही गळती थांबवण्यासाठी.

ऐकणंही स्वस्त नाही. रिसीव्हरला जवळपास ट्रान्समीटरइतकीच वीज लागते. त्यामुळे सेन्सर आणि फोन पुढची वेळ आधीच ठरवून घेतात. मनगटी घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक तेवढा जागा राहतो आणि वेळ झाली की बाकीच्यांना उठवतो. पूर्वी ट्रंक कॉल लावताना आपण वेळ आणि वाक्यं आधी ठरवून ठेवायचो, तसंच हे.

या काटकसरीची एक बाजू घरच्यांनी ओळखून असावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. आई सेन्सरच्या कुशीवर झोपली किंवा फोन स्वयंपाकघरात राहिला, की ‘सिग्नल नाही’ असं दिसतं. आवाज चढवावा, तर एवढीशी बॅटरी एकदम जास्त प्रवाह देऊ शकत नाही. काही सेन्सर मधले आकडे साठवून ठेवतात आणि संपर्क जुळला की एकदम पाठवतात.

तेव्हा ‘सिग्नल नाही’ म्हणजे काही अघटित घडलं, असं नव्हे. पण सगळं ठीक आहे, असंही नव्हे; धोक्याची सूचनाही त्याच वाटेने येते. फोन आईच्या सेन्सर असलेल्या बाजूला, जवळ ठेवायला सांगा. आणि शेजारच्या काकूंचा नंबर जपून ठेवा. मध्यरात्री दार वाजवून बघायला कुठलीच चिप जात नाही.