ग्रीन कार्ड म्हणजे दहा वर्षांचा व्हिसा नव्हे

मागच्या महिन्यात आमच्या मावशीला मुंबई विमानतळावरून रात्री दीड वाजता साताऱ्याला परत आणावं लागलं. सोबत दोन बॅगा, त्यातल्या एकीत मेतकूट, भाजणी आणि नातवासाठी कंदी पेढे. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळला, ग्रीन कार्ड पाहिलं, भारतात आल्याचा शिक्का पाहिला आणि वरिष्ठांना बोलावलं. "आजी, तुम्हाला इथे येऊन सतरा महिने झालेत. या कार्डावर आम्हाला तुम्हाला विमानात बसवता येणार नाही." मावशी म्हणाली, "अहो, पण कार्डाची मुदत अजून पाच वर्षं आहे की." मुदत होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीचीही चूक नव्हती.

हे लिहितोय कारण आपल्या गावातल्या, ओळखीतल्या किती घरांत आईवडिलांची अशी कार्डं कपाटात पडून आहेत ते मला माहीत आहे.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि वय २१ पूर्ण असलं, की आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. त्यांना वर्षाच्या कोट्याची रांग नसते. त्यामुळे मुलं म्हणतात, "आई, दर वेळी टुरिस्ट व्हिसाचा ताण नको, कार्डच करून टाकू." आई सही करते. कार्डावर दहा वर्षांची तारीख छापलेली असते आणि सगळ्यांची समजूत होते की दहा वर्षं जा-ये करायला मोकळे. तसं नाही. ती तारीख प्लास्टिकच्या कार्डाची आहे. माणसाचा हक्क टिकतो तो अमेरिका हेच त्याचं घर असेल तोवर. सलग एक वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड दाखवून परत जाता येत नाही.

दुसरी एक समजूत याहून पक्की आहे: "सहा महिन्यांतून एकदा जाऊन तोंड दाखवून यायचं, बस." वर्षानुवर्षं हा सल्ला लग्नकार्यात, हळदीकुंकवात फुकट मिळतो. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना चौकशी होऊ शकते, हे खरं. पण १८० दिवसांच्या आत परतलात म्हणजे सुटलात, असं कुठेच लिहिलेलं नाही. अकरा महिने साताऱ्यात आणि मध्ये तीन आठवडे न्यू जर्सीत, असा हिशेब दिसला तर तिथला अधिकारी विचारणारच, बाई, तुमचं घर नेमकं कुठे? आणि आपली माणसं प्रामाणिक. ती सांगतात, "घर साताऱ्याला, इथे लेकीकडे येते."

मावशीचं मात्र तसं नव्हतं. चार वर्षं ती खरंच तिकडे राहिली, नातू तिच्या मांडीवर मोठा झाला. काकांनी कार्ड घेतलंच नव्हतं, त्यांना ती थंडी सोसत नव्हती. ते इथे पडले, खुब्याचं हाड मोडलं. मावशी तीन महिन्यांसाठी आली, परतीचं तिकीट काढून. ऑपरेशन झालं, पण काका उठले नाहीत. अंथरुणातच सव्वा वर्ष काढलं आणि गेले. या काळात 'बाईसाहेब, तुमचं एक वर्ष भरत आलंय' असं कोण सांगणार? आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. लेकीच्याही नाही.

आता एकच वाट आहे. परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा, त्याला एसबी-१ म्हणतात. त्यात तीन गोष्टी पटवाव्या लागतात. निघताना तुम्ही कायदेशीर रहिवासी होतात, निघताना परत जायचा इरादा होता आणि तो कधी सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने. हे पटलं तर पुढचा अर्ज, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा फी. नाही पटलं तर लेकीने पहिल्यापासून अर्ज करायचा.

माझं भांडण या तिसऱ्या अटीशी आहे. कोणत्याही देशाने 'तुम्ही इथे राहता का' असं विचारणं मला गैर वाटत नाही. राहायचंच नसेल तर रहिवासी म्हणवून घेऊ नये, सरळ टुरिस्ट व्हिसा घ्यावा. पण नवऱ्याच्या उशाशी बसणं हे बाईच्या 'हाताबाहेरचं' होतं का? स्वतः आजारी पडलं किंवा विमानंच बंद झाली, २०२० च्या मार्चमध्ये झाली तशी, तर ते कागदावर दाखवणं सोपं. सेवा कशी दाखवायची? "नर्स ठेवता आली नसती का?" असा प्रश्न आला तर मावशी काय उत्तर देईल? ठेवता आली असती. पण तिने ठेवली नाही. हाच आपल्याकडचा संसार आहे आणि तो त्या रकान्यात बसत नाही. जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या शेवटच्या आजारपणाला नियमातच स्पष्ट जागा हवी. एका खिडकीवरच्या एका माणसाच्या मनावर ते सोडू नये.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मुलांनो, तुम्हाला चार शब्द सुनावतो, राग आला तरी चालेल. आईवडील तिकडे राहणार नसतील तर कार्डाच्या फंदात पडू नका. कार्ड आलं की त्यांच्या इथल्या पेन्शनचा, एफडीच्या व्याजाचा हिशेबही तिकडच्या टॅक्स रिटर्नमध्ये द्यावा लागतो, हे किती जणांनी त्यांना सांगितलंय? आणि राहणार असतील, पण इकडचा मुक्काम लांबेल अशी शंका असेल, तर निघण्याआधी रीएन्ट्री परमिटचा अर्ज करा. साधारण दोन वर्षांची सोय होते. अट एकच, अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर आठवलं तर उपयोग नाही. विमानतळावर कार्ड सोडून देण्याचा आय-४०७ हा कागद कोणी पुढे केला तर त्यावर सही करण्याची सक्ती नसते, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडता येतं. हे आईला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या, पर्समध्ये ठेवायला.

मावशीची फाईल सध्या माझ्याकडे आहे. हॉस्पिटलची कागदपत्रं, काकांचा मृत्यूचा दाखला, तिकडची टॅक्स रिटर्न्स, तिथल्या लायब्ररीचं कार्डसुद्धा. सगळ्यात वर ठेवलंय ते तीन महिन्यांनंतरच्या तारखेचं, न वापरलेलं परतीचं तिकीट. मेतकूट शेजारी वाटून टाकलं. पेढे मात्र तिने कोणाला दिले नाहीत, खराब झाले.