जुना बंब घेताना

शुक्रवार पेठेतील एका ताईंनी विचारले आहे, "मोडवाल्याकडे तांब्याचा जुना बंब आला आहे. त्यावरचा शिक्का कुणाच्याच ओळखीचा नाही. घ्यावा की नाही?"

भगिनींनो, प्रश्न एकीचा असला तरी अडचण अनेक घरांची आहे. रोजंदारीतून साठवलेल्या पैशाची वस्तू फसली, तर दुसरी लवकर घेता येत नाही. म्हणून नीट पारखून घ्यावे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी आणि बंबांसाठी नावाजलेली आहे. म्हणून विकणारा कोणत्याही बंबाला 'पुण्याची घडण' म्हणू शकतो. पण बंबात यंत्र नसते. बाहेर पाण्याचे पिंप, मधोमध जाळाचे नळकांडे, खाली जाळी आणि बाजूला तोटी, एवढाच त्याचा संसार. बिघडला तर कोणताही चांगला तांबट दुरुस्त करतो. तेव्हा शिक्क्यापेक्षा धातू आणि जोड पाहावेत.

प्रथम लोहचुंबक लावावे. तांबे आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत. पिंपाला चुंबक चिकटले, तर आत लोखंडी पत्रा आहे असे समजावे. जाळी आणि पाय लोखंडी असले तर हरकत नाही; मात्र वजन करताना ते बाजूला काढावेत. त्या दिवशीचा तांब्याच्या मोडीचा भाव दोन दुकानांत विचारावा. वजनाला त्या भावाने गुणले की बंबाची खालची किंमत कळते. त्याहून जास्त मागितले, तर ते कशाचे, हे विचारावे.

मग आत हात घालून पाहावे. बोअरच्या जड पाण्याने पांढरा खार धरतो. खारामुळे पाणी उशिरा तापते, शिवाय बारीक भोके त्याखाली झाकली जातात. म्हणून खार काढायला लावावा. नंतर बाहेरून कोरडे पुसून, खाली वर्तमानपत्र अंथरून, काठोकाठ पाणी भरावे व अर्धा तास थांबावे. नळकांड्यातून ठिबकते का, तेही पाहावे. शेवटी थोड्या ढलप्या पेटवाव्यात. सुरुवातीला थंड धातूवर धुराचा घाम येतो; पाणी तापल्यावर तो जातो. त्यानंतरही थेंब येत राहिले, तर जोड उसवला आहे.

कथील-शिशाचा डाख सुमारे १८३ अंशांपासून वितळू लागतो. आत पाणी असेपर्यंत जोड १०० अंशांच्या फार वर जात नाहीत. म्हणून रिकामा बंब कधीही पेटवू नये. डाखात शिसे असू शकते, तेव्हा हे पाणी अंघोळीलाच वापरावे. स्वयंपाकाला किंवा पिण्याला नको.

बंबाचे पाणी ओतण्याचे तोंड बुच मारून बंद करू नये. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. वाफ कोंडून दाबाखाली चालणारा बॉयलर ही वेगळीच वस्तू आहे. रंगकामाच्या धंद्यासाठी कुणी तसा जुना बॉयलर घेत असेल, तर नोंदणी व तपासणीचे दाखले पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आला आहे. राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

बंब अंगणात किंवा मोकळ्या जागेत ठेवावा. बंद न्हाणीघरात निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. मुलांना तोटीपासून लांब ठेवावे.

आता खर्चाचे. २० लिटरची एक बादली २० अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्यांना दोन युनिट. लाकूड विकत घ्यावे लागत असेल, तर महिन्याचे लाकूड आणि महिन्याची वीज शेजारी मांडून पाहावे. ढलप्या फुकट मिळत असतील, तर बंबच परवडेल. रंग दिलेली लाकडे मात्र जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

आणि मोडवाला पाणी भरून पाहू देत नसेल, तर ताईंनी तिथे जास्त वेळ न घालवता घरी यावे.